प्रश्न तुमचे : अभिनयवर्गातील शिस्त, स्पर्श आणि नकार

अभिनयाचे प्रशिक्षण घेणाऱ्या आणि देणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. मात्र अलीकडे त्यांतील बरीचशी पत्रे आवाज, उच्चार किंवा पाठांतर यांविषयी नसून वर्गातील वागणुकीविषयी असतात. त्यांपैकी काही पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि लांबलेल्या पत्रांतला मुख्य भाग तेवढा ठेवला आहे.

आमचे सर वर्गात सर्वांसमोर फार टाकून बोलतात. माझ्या शरीरयष्टीची आणि बोलण्याच्या ढंगाची टिंगल होते. कोणी रडले, की ‘आता खरा नट बाहेर आला’ असे ते म्हणतात. अहंकार मोडल्याशिवाय नट घडत नाही, अशी त्यांची धारणा आहे. त्यांच्या हाताखालून चांगले कलाकार तयार झाले आहेत, हेही खरे. मग मीच कच्चा आहे का? — एक विद्यार्थी

नाही. तुमच्या सरांच्या हाताखालून तयार झालेले कलाकार सर्वांना दिसतात; त्याच वर्गातून अर्ध्यावर निघून गेलेल्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही, आणि जे टिकले ते अपमानामुळे घडले की अपमान सोसूनही घडले, हे ठरवण्याचा कोणताही मार्ग त्या युक्तिवादात नाही.

नैतिकतेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी निव्वळ कारागिरीच्या दृष्टीनेही ही पद्धत उलटी आहे. रशियन नाट्यदिग्दर्शक आणि अभिनयशिक्षक कॉन्स्टँटिन स्तानिस्लाव्हस्की यांनी नटाच्या शत्रूंमध्ये स्नायूंच्या ताणाला फार वरचे स्थान दिले होते, आणि शरीर सैल करणे व लक्ष ठरावीक वर्तुळात आणून स्थिर करणे हे त्यांच्या प्रशिक्षणातले पायाभूत धडे होते. ज्या वर्गात पुढचा टोमणा केव्हा येईल याचा नेम नसतो, तिथे विद्यार्थ्याचे खांदे वर चढतात, श्वास आखूड होतो, आणि समोरच्या पात्राकडे असायला हवे ते लक्ष सरांच्या चेहऱ्याकडे लागून राहते. असा विद्यार्थी सरांना काय आवडते हे झटपट शिकतो. सहकलाकाराचे ऐकायला मात्र तो शिकत नाही.

याचा अर्थ शिक्षकाने गोडच बोलावे असा नाही. नटाचे साधन त्याचे स्वतःचे शरीर असल्यामुळे शरीराविषयी बोलावेच लागते, आणि ‘तुमचा जबडा आवळलेला आहे, त्यामुळे वाक्याचा शेवट ऐकू येत नाही’ ही सूचना कठोर वाटली तरी उपयोगाची असते, कारण त्यावर आजच्या आज काम करता येते. वजन, वर्ण, उंची किंवा घरून आलेली बोली यांवरच्या शेऱ्याला तो उपयोग नसतो. प्रमाण उच्चार शिकवायचे असतील तर आणखी एक क्षमता म्हणून शिकवावेत. त्यासाठी आधीच्या बोलीची लाज वाटायला लावण्याची गरज नाही. तुम्ही एवढे करून पाहा : वर्ग संपल्यावर सरांना शांतपणे विचारा, ‘पुढच्या वेळी मी नेमके काय बदलू?’ उत्तर नेमके मिळाले, तर त्यांच्या कडवट बोलण्याखाली शिकवणे आहे आणि ते कसे मिळवायचे याचा विचार करता येईल. उत्तरादाखल पुन्हा टिंगलच झाली, तर त्या वर्गातून तुम्हाला काय मिळणार आहे याचा हिशेब तुम्हालाच करावा लागेल.

भावस्मृतीच्या सरावात मला घरातल्या मृत्यूचा प्रसंग आठवायला सांगितले. तो मृत्यू अगदी अलीकडचा होता. मी खूप रडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि वर्ग सुटला. नंतर बरेच दिवस झोप लागत नव्हती, आजही मधूनच तो प्रसंग डोळ्यांसमोर येतो. ही जगन्मान्य पद्धत आहे, असे आम्हाला सांगितले जाते. पुढच्या वेळी मी नकार दिला, तर अभिनेत्री म्हणून खोटी ठरेन का? — एक विद्यार्थिनी

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकल्या त्या टाळ्या. त्या अभिनयाला होत्या की दुःखाला, हे त्या खोलीत कोणीच ठरवले नाही. आणि टाळ्यांनंतर लगेच वर्ग सुटला, म्हणजे सरावाचा उत्तरार्ध झालाच नाही.

‘जगन्मान्य’ या दाव्याची परीक्षा करायची तर थोडे मागे जावे लागेल. भावस्मृतीची, म्हणजे स्वतःच्या आयुष्यातली आठवण जागवून पात्राची भावना आणण्याची कल्पना स्तानिस्लाव्हस्की यांनी तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या लेखनावरून घेतली आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात आपल्या नटांबरोबर तिचे प्रयोग केले. पुढे १९३१ साली न्यू यॉर्कमध्ये स्थापन झालेल्या ग्रुप थिएटरमध्ये ली स्ट्रासबर्ग यांनी तिला प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. परंतु त्याच संस्थेतल्या अभिनेत्री स्टेला ॲडलर १९३४ साली पॅरिसमध्ये स्वतः स्तानिस्लाव्हस्कींना भेटल्या, काही आठवडे त्यांच्याजवळ शिकल्या आणि परत येऊन त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले, की स्तानिस्लाव्हस्कींचा भर आता खाजगी स्मृतीवर राहिलेला नसून संहितेने दिलेल्या परिस्थितीवर, कल्पनाशक्तीवर आणि पात्राच्या कृतीवर आहे. यावरून ॲडलर आणि स्ट्रासबर्ग यांच्यात जो मतभेद झाला, तो पुढे कायम राहिला. सॅनफर्ड माइस्नर हेही त्याच संस्थेतले. त्यांनी आपल्या शिकवण्यात भावस्मृतीला बाजूला सारून सहकलाकाराला द्यायच्या प्रतिसादावर सगळा डोलारा उभा केला. स्तानिस्लाव्हस्कींचे शिष्य मायकेल चेकॉव्ह यांनीही नटाच्या खाजगी आयुष्याऐवजी कल्पनाशक्ती आणि देहबोली यांच्यावर आपले तंत्र रचले. ज्या पद्धतीविषयी तिच्या घरातच इतका वाद आहे, ती नाकारणारी अभिनेत्री खोटी कशी ठरेल?

आणखी एक गोष्ट तुमच्या प्रशिक्षकांच्या कानावर घालण्यासारखी आहे. या पद्धतीचे सर्वांत कट्टर पुरस्कर्ते असलेले स्ट्रासबर्गसुद्धा सरावासाठी निवडलेला प्रसंग निदान सात वर्षे जुना असावा, असे सांगत असत. म्हणजे ताज्या मृत्यूची आठवण काढायला लावणे हे त्या पद्धतीच्या पुरस्कर्त्याच्या नियमांतही बसत नाही.

रंगमंचाच्या बाजूने पाहिले तरी कारण सरळ आहे. नाटकाचा प्रयोग एकदाच होत नाही. आज जी आठवण उमाळा आणते, ती दहाव्या प्रयोगाला बोथट होते किंवा भलत्याच जागी उसळून नटाला संवाद विसरायला लावते. नाट्यशास्त्राचे भाष्यकार अभिनवगुप्त यांनी रसाचा आस्वाद नटाच्या ठिकाणी न मानता प्रेक्षकाच्या ठिकाणी मानला आहे, हे आपल्या परंपरेत अनेक शतकांपूर्वी स्पष्ट झालेले होते. तरीही नटाच्या डोळ्यांतले खरे पाणी हाच अभिनयाचा पुरावा मानण्याची सवय प्रशिक्षणातून जाता जात नाही.

आता उत्तरार्धाविषयी. भावनेत शिरण्याइतकेच तिच्यातून बाहेर येणे हेही शिकवण्याचे तंत्र आहे. चिलीतील मेंदूशास्त्रज्ञ सुझाना ब्लोक यांनी १९७० च्या दशकात सहकाऱ्यांबरोबर श्वास, शरीराची ठेवण आणि चेहऱ्याचे स्नायू यांच्या आधारे भावना जागवण्याची जी पद्धत विकसित केली, तिच्यात भावनेतून पायरीपायरीने बाहेर पडण्याची ठरलेली क्रिया हा अनिवार्य भाग आहे. तुमच्या वर्गात ती पद्धत नसली तरी त्यामागचा विचार वापरता येतो. सराव संपल्यावर ज्या जागी तो केला ती जागा सोडून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जावे, हातपाय झटकावेत, श्वास लांबवावा, भूमिकेसाठी घेतलेली वस्तू किंवा ओढणी उतरवून ठेवावी, आपले स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारावे, समोर दिसणाऱ्या चार वस्तूंची नावे घ्यावीत आणि सहकलाकाराशी एखादे साधे, नाटकाबाहेरचे वाक्य बोलावे. हे बालिश वाटते, पण शरीराला ‘संपले’ ही खूण मिळावी लागते. एका तासाच्या तीव्र सरावातली शेवटची दहा मिनिटे यासाठी राखून न ठेवणाऱ्या प्रशिक्षकाने तो सराव घेऊच नये, असे माझे मत आहे.

पुढच्या वेळी प्रशिक्षकांना एवढेच सांगा : ‘या प्रवेशासाठी मी माझ्या आयुष्यातला प्रसंग घेणार नाही, कल्पित परिस्थितीवर काम करीन, परिणाम पाहून मला सूचना द्या.’ कारण सांगायला तुम्ही बांधील नाही. मात्र झोप अजूनही बिघडलेली असेल आणि तो प्रसंग नकोशा वेळी समोर येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा किंवा समुपदेशकांचा सल्ला घ्या. ते काम अभिनयाच्या शिक्षकाचे नाही, आणि जो शिक्षक ते आपले काम समजतो त्याच्यापासून थोडे अंतर राखलेले बरे.

मी अनेक वर्षे शिकवत आहे. विद्यार्थ्याचा ताठरलेला खांदा हाताने सैल करून देणे, श्वास कळावा म्हणून बरगड्यांवर हात ठेवणे, ही माझी नेहमीची पद्धत. आता प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी, असे तरुण सहकारी सांगतात. त्यामुळे तालमीची लय तुटते. प्रणयाचे किंवा मारहाणीचे प्रवेश बसवताना तर हे कसे जमायचे? — एक प्रशिक्षक

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत : शिक्षकाचा स्पर्श, आणि भूमिकेच्या गरजेपोटी विद्यार्थ्यांनी एकमेकांना केलेला स्पर्श. दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत.

शिक्षकाचा स्पर्श पुष्कळदा टाळता येतो, आणि टाळल्याने शिकणे अधिक पक्के होते. पाठीवर आडवे होऊन, गुडघे वर घेऊन, जमिनीच्या आधाराने बरगड्या पसरताना जाणवून घेणे. स्वतःचे तळहात स्वतःच्या बरगड्यांवर ठेवणे. खांदा मुद्दाम कानापर्यंत उचलून मग सोडून देणे. या मार्गांनी विद्यार्थ्याला आपल्या शरीराचा नकाशा स्वतःच सापडतो आणि घरी सराव करताना शिक्षकाच्या हाताची गरज लागत नाही. जिथे स्पर्श खरोखर उपयोगी आहे, तिथे तो कोणत्या प्रकारचा आणि कशासाठी असेल हे अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशीच सांगावे आणि प्रत्यक्ष वेळी पुन्हा विचारावे. विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. ‘हात ठेवतो, चालेल ना?’ या प्रश्नात होकार आधीच भरलेला असतो. ज्याच्या हाती गुण आणि भूमिका आहेत त्याला ‘नाही चालणार’ असे चारचौघांत म्हणणे विद्यार्थ्याला सोपे नसते. त्याऐवजी ‘मी हात ठेवून दाखवू, की तुम्ही स्वतःचा हात ठेवून बघता?’ असे विचारले, तर दोन्ही उत्तरे सारखीच सोपी होतात. सोमवारी दिलेली परवानगी गुरुवारी गृहीत धरू नये. याला वेळ किती लागतो? सवय झाल्यावर एका श्वासाइतका.

प्रणयाच्या प्रवेशांसाठी रंगभूमीला नवे काही शोधून काढावे लागले नाही. मारामारीच्या प्रवेशांतले शहाणपण तिने थोडे उशिरा इकडे आणले, एवढेच. रंगमंचावर केस धरून ओढण्याचे दृश्य कसे करतात ते आठवा. ओढणारा नट मूठ मिटून समोरच्याच्या डोक्यावर नुसती टेकवतो; ज्याचे केस ओढले जात आहेत तो दोन्ही हातांनी ती मूठ आपल्या डोक्याशी धरून ठेवतो आणि सगळी हालचाल तोच चालवतो. प्रेक्षकाला बळी दिसतो, पण सूत्रे बळीच्याच हाती असतात. अमेरिकेत असे मारामारीचे प्रवेश बसवणाऱ्या द्वंद्वदिग्दर्शकांची संघटना १९७७ सालापासून आहे, आणि प्रयोगापूर्वी मारामारीचा प्रवेश दरवेळी संथ गतीने करून पाहणे हा व्यवसायातला रुळलेला नियम आहे. मिठी आणि चुंबन मात्र कितीतरी काळ ‘तुम्ही दोघे बघून घ्या’ या एका वाक्यावर सोडले जात असे.

हे चित्र बदलण्यात अमेरिकी रंगकर्मी टोनिया सिना यांचा वाटा मोठा आहे. अशा प्रवेशांची रीतसर बांधणी कशी करावी, या विषयावर त्यांनी २००६ साली विद्यापीठात प्रबंध लिहिला आणि २०१६ साली दोन सहकाऱ्यांसह या कामासाठी संस्था काढली. २०२० साली अमेरिकेतील पडद्यावरच्या कलाकारांच्या संघटनेने चित्रीकरणासाठी या विषयावरचे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. या सर्व कामाचे सार तुमच्या वर्गात असे उतरवता येईल. प्रवेशाआधी दोघे विद्यार्थी आपापल्या शरीरावर स्वतःच्या हाताने दाखवतात, की कुठे स्पर्श चालेल आणि कुठे नाही. शिक्षकाने ते ऐकावे, त्यावर घासाघीस करू नये. मग हालचाली नृत्याच्या पावलांसारख्या मोजून बसवाव्यात : दोन मोजांत अंतर कमी, उजवा हात खांद्यावरून कोपरापर्यंत, तिथे एक श्वास, मान डावीकडे. ‘अजून उत्कट करा’ ही सूचना देऊ नये, कारण ती नटाला देहाविषयी काहीच सांगत नाही, उलट त्याचा देह वादात ओढते. ‘श्वास लांबवा’, ‘नजर आधी काढून घ्या’ या सूचना देता येतात. चुंबनाच्या जागी तळहाताला तळहात लावूनच बहुतेक सगळ्या तालमी कराव्यात, आणि वर्गातल्या सादरीकरणात प्रत्यक्ष चुंबनाची गरज आहे का, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. माझ्या मते ती क्वचितच असते. असा प्रवेश ‘होऊ द्या काय होते ते’ म्हणून उत्स्फूर्तपणे करायला कधीही सांगू नये, आणि कोणाच्या घरी दोघांनीच जाऊन तालीम करण्यालाही परवानगी देऊ नये.

थांबण्यासाठी एक शब्द आधी ठरवून ठेवावा. ‘नको’, ‘सोड’, ‘थांब’ हे शब्द अशा प्रवेशांच्या संवादांतच असतात, म्हणून संहितेत येणार नाही असा एखादा भलताच शब्द घ्यावा. तो उच्चारला गेला की काम थांबते, कोणी का म्हणून विचारत नाही, आणि आवश्यक तो बदल करून पुन्हा सुरू होते. तो शब्द पहिल्या आठवड्यात शिक्षकाने स्वतः एकदोनदा साध्या कारणासाठी वापरावा. नाहीतर तो फळ्यावर नुसता लिहिलेला राहतो.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिच्या नाट्यशिबिरात अत्याचाराचा प्रसंग बसवणार आहेत आणि ‘मुले मोकळी होत नाहीत’ म्हणून पालकांना आत येऊ देत नाहीत. मी हरकत घ्यावी का? — एक पालक

पालक रोज आत बसले तर मुले बुजतात, हे शिबिरचालकांचे म्हणणे खरे आहे. पण खोलीत एकच प्रौढ व्यक्ती, दार बंद आणि विषय अत्याचाराचा, हे तिन्ही एकत्र चालणार नाही. निदान दोन प्रौढ हजर असावेत, संहिता तुम्हाला आणि मुलीला आधी वाचायला मिळावी, मुलांना स्वतःचे अनुभव सांगायला लावू नयेत, आणि अत्याचार दाखवण्याऐवजी त्याच्या आधीचा किंवा नंतरचा क्षण दाखवता येईल का, याचा विचार व्हावा; बहुधा तोच जास्त परिणामकारक ठरतो. तुम्ही होकार दिला तरी मुलीचा नकार अखेरचा मानला जावा. मुलीला येणारे सगळे निरोप पालक असलेल्या गटावरच यावेत, हेही लेखी मागून घ्या.

तुमच्या सदरात नेहमी विद्यार्थ्यांची बाजू येते. माझ्या वर्गात आता प्रत्येक गोष्टीला नकार मिळतो. एकाने रागाचा प्रवेश करायला नकार दिला, दुसरीने जमिनीवर लोळण्याचा सराव नाकारला. ‘मला सुरक्षित वाटत नाही’ असे म्हटले की माझे तोंड बंद. असे नट कसे घडणार? — एक प्रशिक्षिका

तुमची अडचण खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. संपूर्ण सुरक्षिततेचे वचन कोणत्याही अभिनयवर्गाने देऊ नये, कारण ते पाळता येत नाही : चारचौघांत उभे राहून फसण्याची शक्यता पत्करणे हाच तर या विद्येचा पहिला धडा आहे. वचन द्यायचे ते एवढेच, की धोका आधी सांगितला जाईल, तो कामासाठी असेल, आणि मध्येच मागे फिरता येईल.

नकार आला की तो साध्याला आहे की साधनाला, हे आधी पाहावे. रागाचा प्रवेश हे साध्य. ओरडणे, वस्तू आपटणे, समोरच्याच्या अंगावर धावून जाणे ही साधने. ज्या विद्यार्थ्याच्या घरात आरडाओरडा झाला आहे, तो ओरडायला नाही म्हणत असेल. त्याला तोच प्रवेश अगदी हलक्या आवाजात, ‘समोरच्याला कोंडीत पकडणे’ किंवा ‘त्याच्याकडून कबुली काढून घेणे’ या कृतीवर करायला सांगा. पुष्कळदा तो राग आरडाओरड्यापेक्षा अधिक धारदार निघतो, आणि वर्गातल्या बाकीच्यांनाही त्यातून शिकायला मिळते. साधन बदलण्याची मुभा उदारपणे द्यावी. साध्य मात्र अभ्यासक्रमात असेल तर तिथेच राहावे. जमिनीवर लोळण्याचा नकार कदाचित दुखऱ्या गुडघ्याचा असेल, कदाचित कपड्यांचा असेल, कदाचित निव्वळ कंटाळ्याचा असेल. कारण न विचारता तितक्याच मेहनतीचा दुसरा सराव द्या. तिसऱ्या कारणाचे नकार त्याने आपोआप कमी होतात.

यासाठी एक पूर्वतयारी लागते, आणि ती बहुतेक वर्गांत झालेली नसते. सत्राच्या आरंभी काय काय करावे लागेल, कोणते विषय संहितांत येतील आणि गुण कशावर दिले जातील, हे लिहून द्यायला हवे. विषय आधी सांगितल्याने सराव पातळ होतो, अशी तक्रार मी ऐकतो. पण व्यावसायिक नटाला संहिता तालमीआधीच मिळते आणि त्याने त्याचा अभिनय पातळ होत नाही. एवढे सगळे करूनही एखादा विद्यार्थी सातत्याने सगळेच टाळत असेल, तर त्याच्याशी एकांतात नव्हे, पण शांतपणे, दुसऱ्या सहकाऱ्याच्या उपस्थितीत स्पष्ट बोलावे : अमुक प्रकारच्या भूमिका तुम्ही घेणार नसाल तर तो तुमचा अधिकार आहे, मात्र त्या भूमिकांसाठी तुमचा विचार होणार नाही. ही शिक्षा नाही. व्यवसायाची माहिती आहे.

एक बाब तपासून पाहा, असे मात्र सुचवावेसे वाटते. ज्या वर्गात लहानसहान नकार ऐकले जात नाहीत, तिथे विद्यार्थी मोठा शब्द वापरायला शिकतात. माइस्नर यांच्या प्रसिद्ध पुनरुच्चाराच्या सरावात दोघे एकमेकांविषयी जे दिसते ते बोलतात आणि तेच वाक्य परत परत म्हणतात. तिथे एखादीने ‘माझ्या अंगाविषयी नको, वागण्याविषयी बोला’ असे म्हटले आणि आपण ‘एवढे काय मनाला लावून घ्यायचे’ म्हणालो, की पुढच्या वेळी ‘मला सुरक्षित वाटत नाही’ हेच वाक्य येते, कारण तेवढेच ऐकले जाते असा तिचा अनुभव असतो.

आमच्या संस्थेचे प्रमुखच आम्हाला शिकवतात, तेच नाटकांत भूमिका वाटतात आणि रात्री उशिरा वैयक्तिक संदेश पाठवतात. उत्तर दिले नाही की दुसऱ्या दिवशी तालमीत अबोला. तक्रार करायची तर त्यांच्याकडेच. काय करावे? — एक विद्यार्थिनी

आधी तुमच्यापुरते. संदेश पुसू नका. तारीख आणि वेळ दिसेल असे ते जपून ठेवा. तालमीत काय घडले, कोण हजर होते, हे त्याच दिवशी आपल्या शब्दांत लिहून ठेवा. विश्वासातल्या एका तरी व्यक्तीला आताच सांगा, म्हणजे पुढे गरज पडली तर ‘इतके दिवस का बोलली नाही’ या प्रश्नाला उत्तर असेल. कामाचे संदेश असतील तर उत्तर वर्गाच्या गटावर द्या. बाकीच्या संदेशांना उत्तर देण्याचे बंधन नाही. संस्थेत तक्रारीसाठी समिती नसेल, किंवा ती प्रमुखांच्याच मुठीत असेल, तर तुमच्या ठिकाणच्या कायद्याने दिलेल्या बाहेरच्या यंत्रणेकडे थेट जाता येते का, हे एखाद्या वकिलाकडून किंवा स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून समजून घ्या. ‘आधी त्यांच्याशी एकट्याने बोलून मिटव’ असा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका.

संस्था चालवणाऱ्या वाचकांसाठीही या पत्रात पुरेसे आहे. शिकागोतील रंगकर्मींनी २०१७ साली अशा प्रश्नांसाठी एक नियमावली प्रसिद्ध केली. ती लहान नाट्यसंस्थांनाही परवडावी अशी, स्वेच्छेने स्वीकारायची आहे, आणि तिच्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे पहिल्याच तालमीला सर्वांच्या हाती दिला जाणारा तक्रारीचा मार्ग : आधी कोणाशी बोलायचे, तिथे निभावले नाही तर पुढे कोणाकडे जायचे, हे नावांसह. कलाकारांमधूनच एक प्रतिनिधी निवडला जातो, ज्याच्याकडे इतरांनी अडचण न्यायची असते. प्रशिक्षणसंस्थेत याला आणखी दोन गोष्टींची जोड द्यावी लागेल. शिकवणे, गुण देणे आणि भूमिका वाटणे ही तीन कामे एकाच माणसाकडे असू नयेत. मनुष्यबळ कमी असेल तर निदान भूमिकावाटपाच्या वेळी बाहेरची एक व्यक्ती बसवावी आणि निकष आधी जाहीर करावेत. दुसरी गोष्ट, तक्रारीच्या मार्गावर संस्थेबाहेरची एक व्यक्ती असलीच पाहिजे. प्रमुखाविरुद्धची तक्रार प्रमुखाच्या टेबलावर जाऊन थांबणार असेल, तर ती यंत्रणा आहे असे म्हणता येत नाही.

आमच्या सरावांचे चित्रीकरण होते आणि संस्था त्यांतले तुकडे जाहिरातीसाठी समाजमाध्यमांवर टाकते. माझ्या रडण्याचा एक तुकडा असाच फिरतो आहे. प्रवेशअर्जावर मी सही केली होती. — एक विद्यार्थी

प्रवेशअर्जावरची सर्वसाधारण सही आणि विशिष्ट चित्रफितीला दिलेली संमती या वेगळ्या गोष्टी आहेत. तुकडा काढून टाकण्याची मागणी लेखी करा. त्यात दुवा, तारीख आणि ‘हे सादरीकरण नसून सराव होता’ एवढे नमूद करा. संस्थेने ऐकले नाही, तर त्या समाजमाध्यमाच्या तक्रारव्यवस्थेत स्वतःच्या चित्रणाविषयी तक्रार नोंदवता येते. पुढच्या सत्रासाठी वर्गाच्या वतीने असा नियम मागा, की अभ्यासासाठी केलेले चित्रण फक्त त्या विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला पाहता यावे, सत्र संपल्यावर ते पुसले जावे, आणि जाहिरातीसाठी वापरायचे असेल तर तो तुकडा दाखवून वेगळी सही घ्यावी.